तुकडा सोमवारी दिला, मग रिपोर्ट शुक्रवारी का?

"मॅडम, आईचं रक्त सकाळी दिलं की संध्याकाळी रिपोर्ट मिळतो. हा तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा. याला शुक्रवार कशाला लागतो?"

विचारणारा मुलगा तिशीतला. नोकरी वागळे इस्टेटमध्ये, घर वर्तकनगरला. दाताच्या डॉक्टरांनी त्याच्या आईच्या जिभेच्या कडेचा एक तुकडा काढून बाटलीत घालून त्याच्या हाती दिला होता. ती बाटली रुमालात गुंडाळून तो सोमवारी संध्याकाळी साडेसातला नौपाड्यात आमच्या लॅबमध्ये आला. काउंटरवर गर्दी होती. मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि घरी जाताना चुटपुट लागून राहिली, कारण त्याच्या प्रश्नाला दोन वाक्यं पुरणारी नव्हती. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ठाण्यात वीसहून जास्त वर्षं हेच काम करते. पुष्कळांना वाटतं की पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त काढणारी बाई. रक्त बहुतेक वेळा टेक्निशियन काढतात, आणि ते काम सोपं मुळीच नाही. मालिका बघणाऱ्यांना पोस्टमॉर्टेम आठवतं. पोलीस केसमधलं ते काम न्यायवैद्यकाचं, ती शाखा वेगळी. पॅथॉलॉजिस्ट हा एम.बी.बी.एस. झाल्यावर आणखी तीन वर्षं पॅथॉलॉजीत एम.डी. केलेला डॉक्टर असतो. रक्त, लघवी, छातीत-पोटात साठलेलं पाणी, सुईने ओढलेल्या पेशी, कापून काढलेला तुकडा, कधी आख्खा अवयव, जे काही शरीराबाहेर आलं त्यावरून आजार कोणता हे सांगणं त्याच्याकडे. पेशंटला तो सहसा भेटत नाही. रिपोर्टच्या तळाशी त्याची सही तेवढी भेटते.

आधी त्या संध्याकाळी मिळणाऱ्या रिपोर्टबद्दल बोलू, कारण तोही नुसता मशीनचा नसतो.

पावसाळ्यात आमच्याकडे तापाच्या पेशंटची रीघ लागते. डेंग्यूच्या धास्तीने प्रत्येकाला प्लेटलेट किती हे हवं असतं. मशीन मिनिटभरात आकडा देतं. निरोगी माणसात तो साधारण दीड ते साडेचार लाख. समजा एखाद्या पेशंटचा आला ४० हजार. घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते, बॅग भरायला सुरुवात होते. अशा वेळी आम्ही काचेवर रक्ताचा एक थेंब ओढून पातळ थर करतो, रंगवतो आणि डोळ्यांनी बघतो. कधी कधी दिसतं की प्लेटलेट भरपूर आहेत, फक्त एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झालेत. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं द्रव्य असतं. काही लोकांच्या रक्तात त्याच द्रव्यामुळे प्लेटलेट एकत्र गोळा होतात. मशीन आकारावरून मोजतं, त्यामुळे पुंजका त्याच्या हिशेबात प्लेटलेट म्हणून येतच नाही. मग निळ्या बुचाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतो आणि बहुतेकदा खरा आकडा समोर येतो. मलेरियाचंही तसंच. तांबड्या पेशीत बसलेली परजीवीची अंगठी, तिचा प्रकार, शंभरातल्या किती पेशींत ती आहे, हे त्याच काचेवर कळतं.

रिपोर्टमध्ये आकड्यापुढे चांदणी किंवा ठळक अक्षर दिसलं की लोक रात्रभर झोपत नाहीत, म्हणून तेही सांगते. "नॉर्मल रेंज" बहुतेक तपासण्यांसाठी अशी काढलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक जण कुठलाही आजार नसताना रेषेबाहेर पडणार, हे त्या पद्धतीतच आलं. आता "फुल बॉडी चेकअप" म्हणून एकदम वीस तपासण्या केल्या, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसल्या, तर पूर्ण निरोगी अशा शंभर माणसांतल्या साधारण ६४ जणांच्या रिपोर्टवर निदान एक तरी चांदणी येईल. ती चांदणी फक्त "इकडे बघा" म्हणते. बघायचं कसं, ते तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून ठरवायचं.

आता तो हरभऱ्याएवढा तुकडा.

शरीरातून निघाल्याबरोबर पेशी सडू लागतात. ते थांबवायला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, म्हणजे त्यातली प्रथिनं जागच्या जागी घट्ट होतात. फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहा पट हवं आणि त्याला आत झिरपायला वेळही हवा. मुलाने आणलेली बाटली बरोबर होती. प्रत्येक वेळी ती तशी नसते. कोणी सलाइनमध्ये तुकडा आणतं, कोणी कोरड्या डबीत. एकदा काढलेली गर्भपिशवी लोणच्याच्या अरुंद तोंडाच्या बरणीत दाबून भरलेली आली. जाताना ती मऊ होती म्हणून गेली. फॉर्मॅलिनने घट्ट झाल्यावर बाहेर येईना. बरणी फोडावी लागली, आणि आतल्या भागापर्यंत फॉर्मॅलिन पोचलंच नव्हतं. जे एकदा सडलं ते जगातल्या कुठल्याही मायक्रोस्कोपखाली पुन्हा नीट दिसत नाही. त्या बाईंना दुसरी गर्भपिशवी नव्हती. हे आठवलं की अजूनही जीव तुटतो.

मंगळवारी सकाळी मी तुकडा बाहेर काढला, मोजला: ०.८ बाय ०.५ बाय ०.३ सेंटिमीटर. रंग पांढुरका, एक बाजू खरखरीत. याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो: डोळ्यांनी बघणं, बोटांनी चाचपणं, कुठून कापायचं ते ठरवणं. मोठं ऑपरेशन असलं तर आख्खा स्तन किंवा आतडं समोर असतं, कडांना शाई लावावी लागते, गाठ कडेपासून किती लांब आहे ते मोजावं लागतं. कुठला भाग घ्यायचा हे इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकलं, कारण मायक्रोस्कोपखाली तेच दिसणार जे मी इथे निवडलं.

मग तुकडा एका छोट्या, जाळीदार प्लॅस्टिकच्या डबीत गेला. डबीवर नंबर. हा नंबर बाटली, डबी, काच आणि रिपोर्ट या चारही ठिकाणी एकच असावा म्हणून आमच्याकडे दोन माणसं तो मोठ्याने वाचतात. रात्रभर डबी मशीनमध्ये राहते. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने आतलं पाणी निघून जातं, झायलिनने अल्कोहोल निघतं, आणि शेवटी साधारण ६० अंशांवर वितळलेलं मेण पेशींच्या आत शिरतं. पाणी आणि मेण एकत्र नांदत नाहीत, म्हणून हा एवढा वळसा. घाई केली तर तुकडा मधोमध कच्चा राहतो आणि कापताना फाटतो.

बुधवारी सकाळी मेणाचा ठोकळा बनला, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. यात टेक्निशियनचा हात फार मोलाचा. बाकरवडीची गुंडाळी आडवी कापली तरच आतले फेरे दिसतात, लांबीत कापली तर नुसते पट्टे. जिभेच्या तुकड्याचंही तसंच. वरची त्वचा आणि खालचं मांस एकावर एक दिसायला हवं, तर तो मेणात उभाच बसला पाहिजे. आडवा बसला तर रोग किती खोल आहे हे कळायला मार्ग नाही. मग ठोकळा बर्फावर थंड करून मायक्रोटोमच्या पात्याखाली येतो. काप किती पातळ, तर तीन-चार मायक्रॉन. केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप मावतील. ते रिबिनीसारखे एकमेकांना जोडून येतात, कोमट पाण्यावर तरंगतात, सुरकुती पडू न देता काचेवर उचलले जातात. शिकाऊ मुलांना हे जमायला महिनोन् महिने जातात.

काचेवर आलेला काप जवळजवळ पारदर्शक असतो. त्याला दोन रंग देतात. एक हिमॅटॉक्सिलिन, जो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतो. तो पेशीच्या केंद्राला निळं-जांभळं करतो. दुसरा इओसिन, तो उरलेलं सगळं गुलाबी करतो. एकोणिसाव्या शतकापासून जगभरचे पॅथॉलॉजिस्ट याच दोन रंगांत रोग वाचत आलेत, आणि इतक्या नव्या तपासण्या आल्या तरी सुरुवात अजून तिथूनच होते.

काच समोर आली की मी लगेच पेशींत शिरत नाही. येऊरच्या डोंगरावरून ठाणं बघावं तसं आधी ४० पटींत सगळं न्याहाळते. तलाव कुठे, रेल्वेचे रूळ कुठे, दाट वस्ती कुठे. मग १०० पट, मग ४०० पट, म्हणजे एकेका गल्लीत. निरोगी जिभेच्या आवरणात शिस्त असते. तळाच्या ओळीत लहान, गडद पेशी उभ्या, वर जाताना त्या चपट्या होत जातात. आवरणाच्या तळाशी एक सीमारेषा असते. रेषेच्या खाली रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या आणि जिभेचे स्नायू.

त्या बाईंच्या तुकड्यात शिस्त मोडलेली होती. केंद्रं मोठी, काळपट, वेड्यावाकड्या आकाराची. तळालाच व्हायला हवं ते पेशीविभाजन वरच्या थरांतही चाललेलं. याला डिसप्लेझिया म्हणतात आणि हा तीव्र प्रकारचा होता. पण सीमारेषा मला सलग दिसत होती. कॅन्सर म्हणायचं तर पेशींनी ती रेषा ओलांडलेली असायला हवी. ओलांडल्याशिवाय त्यांना रक्तात आणि मानेतल्या गाठींत जायची वाट नसते.

तपासणीच्या फॉर्मवर दोनच शब्द होते: "जिभेची बायॉप्सी." वय ५८. बाकी सगळे रकाने रिकामे.

मी दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. जखम किती दिवसांची? त्यांनी सांगितलं, दीड-दोन महिने. बाजूची दाढ टोकदार होती म्हणून ती घासून दिली, दोन आठवडे वाट पाहिली, तरी भरली नाही म्हणून तुकडा काढला. अगदी योग्य केलं त्यांनी. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर तुकडा तपासायलाच हवा. मी विचारलं, बोटाला कशी लागते? "कडा टणक आहेत हो." आणि सवय? "तीस वर्षं मिश्री."

टणक कडा नुसत्या वरवरच्या रोगात सहसा लागत नाहीत. बोटाला काहीतरी लागत होतं आणि माझ्या काचेवर ते नव्हतं. म्हणजे एक तर तुकडा चुकीच्या जागेचा, नाही तर माझा काप अजून तिथवर पोचलेला नाही. तोच ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर चढवून खोलवरचे काप घ्यायला सांगितले. गुरुवारी दुपारी सहा नव्या काचा आल्या. पहिल्या तीन आदल्या दिवसासारख्याच. चौथीत सीमारेषेखाली पेशींची छोटी बेटं उतरलेली, मधोमध केराटिनची, म्हणजे नखा-केसांत असतं त्या प्रथिनाची, गोल वेटोळी, ज्यांना आमच्यात पर्ल म्हणतात. मी ती काच सहकारी डॉक्टरांना काही न सांगता बघायला दिली. त्यांनी वर न बघताच निदान सांगितलं. तेच, जे माझ्या मनात होतं.

फोन केला नसता तर रिपोर्टमध्ये "तीव्र डिसप्लेझिया, कॅन्सर दिसत नाही" असं गेलं असतं. त्या काचेपुरतं ते खरंही होतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की तपासणीच्या फॉर्मवर माहिती लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतील तर तुम्ही आठवण करा. जखम किती दिवसांची, आधीचा आजार, चालू औषधं, तंबाखूची सवय, जुना बायॉप्सीचा रिपोर्ट असला तर त्याची प्रत. आम्ही रंग आणि आकार बघतो, पण ते कुणाचे आहेत हे कळलं नाही तर अर्ध्या आंधळ्यासारखे बघतो.

मिश्रीचं निघालंच आहे म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकरांची आठवण करते. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी या मराठी पॅथॉलॉजिस्टवर होती. आपल्या लोकांच्या तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं तपासणाऱ्या आपल्याकडच्या आरंभीच्या संशोधकांत ते होते. १९५२ साली उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. आज नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं जे मोठं संशोधन केंद्र आहे, त्याचं मूळ तिथे आहे. आपल्या वैद्यकाच्या इतिहासात सर्जनांची नावं घरोघरी माहीत असतात, मायक्रोस्कोपमागच्या माणसांची फारशी नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मग ऑपरेशन चालू असताना वीस-पंचवीस मिनिटांत सांगतात ते कसं, असं कोणी विचारेल. त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. मेणाऐवजी उणे २० अंशांच्या आसपास तुकडा गोठवून कापतात. बर्फामुळे पेशी फुगतात, फाटतात, चित्र धूसर येतं. सर्जनला तिथल्या तिथे एखादा प्रश्न सोडवायचा असतो, कड मोकळी आहे का, ही गाठ कॅन्सरची आहे का, तेवढ्यापुरतं ते ठीक. अंतिम निदान मेणाच्या ब्लॉकवरूनच होतं.

सुईची तपासणी त्याहून वेगळी. तीत सुट्या पेशी मिळतात, रचना मिळत नाही. भिंत पडल्यावर विटा हातात याव्यात तसं. पुष्कळदा विटांवरूनही घर ओळखता येतं, पण थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठीत पेशी साध्या गाठीत आणि कॅन्सरमध्ये सारख्याच दिसतात. फरक फक्त गाठीभोवतालची पिशवी फोडून त्या बाहेर पडल्यात का किंवा रक्तवाहिन्यांत शिरल्यात का, एवढाच. ते सुईतून दिसूच शकत नाही. "सुईत कळलं नाही म्हणून ऑपरेशन करायला लावलं" अशी तक्रार ऐकते तेव्हा मी हेच समजावते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये निदानानंतर आणखी तपासण्या लागतात: ई.आर., पी.आर., हर-टू. पेशींत ती ती प्रथिनं आहेत का ते तपकिरी रंगाने कळतं आणि कोणतं औषध चालेल ते त्यावर ठरतं. हर-टू मधल्याच पायरीवर, म्हणजे दोन प्लस आलं, तर जनुकाची वेगळी तपासणी करतात. यात दिवस वाढतात, आणि ते वाढलेच पाहिजेत.

रिपोर्टची भाषा लोकांना गोल गोल वाटते. "सजेस्टिव्ह ऑफ" म्हणजे कल तिकडे आहे, खात्री नाही. "कन्सिस्टंट विथ" म्हणजे जे दिसतं ते त्या आजाराशी जुळतं. "नो मॅलिग्नन्सी सीन" म्हणजे या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही. शरीरात नाही, असं त्यात म्हटलेलं नसतं. आणखी एक गोंधळ ग्रेड आणि स्टेजचा. पेशी मूळ रूपापासून किती भरकटल्यात ते ग्रेड. रोग शरीरात किती पसरलाय ते स्टेज. ग्रेड तीन वाचून "तिसरी स्टेज आहे" म्हणत रडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना आधी कोणीतरी बसवून सांगायला हवं होतं असं दर वेळी वाटतं.

शुक्रवारी तो मुलगा आला. मी आधी दाताच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं, आणि त्यांनीच त्याला फोनवर कल्पना दिली होती. तो परळला जाणार होता. मी त्याच्या हाती रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि काचाही दिल्या. मोठ्या हॉस्पिटलात त्या पुन्हा बघतात. तो आमच्यावरचा अविश्वास नसतो, इतक्या मोठ्या निर्णयाआधी दुसऱ्या डोळ्यांनी बघायलाच हवं. मेणातला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो, फक्त उन्हात ठेवायचा नाही. त्याने कापसात गुंडाळलेल्या काचा डब्यात ठेवल्या, डबा बॅगेत, आणि लोकलच्या गर्दीत धक्का लागू नये म्हणून बॅग पोटाशी घेतली.

दोनेक महिन्यांनी तो ऑपरेशननंतरचा रिपोर्ट घेऊन आला. उपचारांबद्दल विचारायला नाही, वाचून घ्यायला. गाठ १.४ सेंटिमीटर, खोली ४ मिलिमीटर, सगळ्या कडा मोकळ्या. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. "मॅडम, हे शून्य बाय अठ्ठावीस काय आहे? आणि मानेला काही लागत नव्हतं तर तिथे का कापलं?"

मानेत हाताला गाठ लागत नसली तरी आत पेशी पोचलेल्या असू शकतात, आणि अशा पेशंटची मान जिभेबरोबरच साफ केली तर जास्त जण वाचतात, हे टाटा मेमोरियलच्याच अभ्यासात २०१५ साली दिसलं होतं. तसं केल्यावर मानेतून निघतो तो चरबीचा एक पिवळा, ओलसर गोळा. त्यात लसीकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, असतात, काही चवळीएवढ्या, काही तांदळाच्या दाण्याएवढ्या, रंगाने चरबीसारख्याच. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॉसिंगच्या टेबलापाशी उभं राहून चरबी चिमटीत धरून बोटांनी चाचपत एकेक शोधावी लागते, प्रत्येकीचा ब्लॉक, प्रत्येकीची काच. कोणीतरी तशा अठ्ठावीस शोधल्या होत्या, आणि एकीतही काही नव्हतं.